प्रथिन पोचतं, रक्त पोचत नाही

व्हायल हातात घेतली की ती आधी रिकामीच वाटते. तळाशी पांढुरका पातळ थर असतो, तोही ट्यूबलाइटकडे तिरका धरला तर दिसतो. कधी तोही दिसत नाही, कारण गोठवून वाळवलेली पूड प्रवासात उडून झाकणाला चिकटलेली असते. म्हणून उघडण्याआधी व्हायल सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवून घ्यायची, सगळं तळाशी आणायचं, हा आमच्या लॅबमध्ये नव्या मुलांना शिकवायचा पहिला धडा. लेबलवर लिहिलेलं असतं: रिकॉम्बिनंट मानवी इंटरल्युकिन-३, १० मायक्रोग्रॅम. आणि खाली बारीक अक्षरांत: फक्त संशोधनासाठी, माणसांना देण्यासाठी नाही.

१० मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाखावा भाग. तेवढ्यासाठी महिन्याच्या फेलोशिपचा मोठा हिस्सा जाईल एवढी किंमत. पण प्रयोगात आम्ही ते मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम इतकंच घालतो, त्यामुळे एक व्हायल नीट जपली तर कितीतरी दिवस पुरते. जपणं हेच खरं काम. निर्जंतुक बफरमध्ये, थोडं अल्ब्युमिन घालून ती विरघळवायची. अल्ब्युमिन अशासाठी की इतकं विरळ प्रथिन प्लास्टिकच्या भिंतीला चिकटून बसतं आणि द्रावणात काही उरतच नाही. जोरात हलवायचं नाही, फेस आला की प्रथिनाची घडी मोडते. मग छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे ८० अंशांत ठेवायचं, आणि एकदा वितळवलेली ट्यूब पुन्हा गोठवायची नाही.

मी पाचोऱ्याची. बीएस्सी पाचोऱ्यात, एमएस्सी जळगावच्या विद्यापीठात, आणि नंतर पुण्यात एका प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षं याच प्रथिनासोबत गेली. पाचोऱ्यात असताना इम्युनॉलॉजी आम्ही पुस्तकातल्या आकृत्यांवरून शिकलो. पेशी, बाण, दुसरी पेशी. त्या बाणाला वजन असतं, किंमत असते, लॉट नंबर असतो आणि तो फ्रीजरमध्ये ठेवावा लागतो, हे पुण्यात गेल्यावर कळलं.

इंटरल्युकिन-३ हा तसाच एक बाण. जंतूशी किंवा परजीवीशी गाठ पडून टी-पेशी जाग्या झाल्या की त्या निरनिराळी संदेशवाहक प्रथिनं सोडतात, त्यांतलं हे एक. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींना ते वाढायला लावतं. अमिनो आम्लं १३३, रेणू अगदी लहान. व्हायलवर ‘मानवी’ असं लिहिलेलं असलं तरी ते कुणा माणसाच्या रक्तातून काढलेलं नसतं. माणसाच्या जनुकाची प्रत बहुतेक वेळा ई. कोलाय या जिवाणूत घालतात, जिवाणू ते प्रथिन भरभरून बनवतो, मग जिवाणू फोडून, गाळून, शुद्ध करून, घडी नीट बसवून ते वाळवतात. शरीरात तयार होणाऱ्या प्रथिनाला साखरेच्या साखळ्या जोडलेल्या असतात, जिवाणूकडून आलेल्याला त्या नसतात. तरीही पेशी त्याला ओळखतात.

या प्रथिनाचं पुण्याशी नातं आहे, आणि ते मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं. विद्यापीठाच्या आवारात, गणेशखिंडीत राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, सगळे त्याला एनसीसीएस म्हणतात. तिथल्या डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने २००३ साली उंदराच्या पेशींवर दाखवून दिलं की इंटरल्युकिन-३ हाड खाणाऱ्या पेशी तयारच होऊ देत नाही. आपलं हाड आयुष्यभर एकीकडून झिजवलं जातं आणि दुसरीकडून बांधलं जातं. झिजवणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, आणि त्या रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्याच वंशातल्या. इंटरल्युकिन-३ मिळालं की त्या पेशी हाडाकडे वळण्याऐवजी दुसरीच वाट धरतात. २०१० साली त्याच गटाने माणसाच्या रक्तातल्या पेशींवर हे दाखवलं.

मधली सात वर्षं कशाला, असं कुणी विचारेल. उंदराचं इंटरल्युकिन-३ आणि माणसाचं इंटरल्युकिन-३ यांच्या क्रमात साम्य सुमारे ३० टक्के. एकाचं दुसऱ्याच्या पेशींना कळत नाही. इंटरल्युकिन-२चं तसं नाही, माणसाचं इंटरल्युकिन-२ उंदराच्या पेशीही ऐकतात. पण ३ च्या बाबतीत उंदरावर काय दिसलं ते माणसात खरं आहे का, हे बघायला माणसाचंच प्रथिन लागतं आणि माणसाच्याच पेशी लागतात. सगळा प्रयोगच नव्याने उभा करावा लागतो.

आमच्या लॅबचं काम या वाटेवरच पुढे जाणारं होतं. सकाळी दात्याचं रक्त यायचं. ते फिकॉल नावाच्या दाट द्रावणावर हळूच सोडायचं आणि फिरवायचं. लाल पेशी खाली बसतात, वर पिवळा प्लाझ्मा राहतो आणि मधे एक धूसर पांढरी कडी तरंगते. ती कडी पिपेटने उचलताना मी कधी बोलत नसे. त्या कडीतून चुंबकी मण्यांनी मोनोसाइट वेगळे काढायचे, प्लेटमध्ये पेरायचे आणि त्यांना ऑस्टिओक्लास्ट बनवणारी एम-सीएसएफ व रँकल ही दोन प्रथिनं द्यायची. काही खड्ड्यांत सोबत इंटरल्युकिन-३. दर दोन-तीन दिवसांनी मीडिया बदलायचा, रविवार असो की दिवाळी. दिवाळीला घरी न जाता आल्याचं कारण पाचोऱ्यात सांगताना माझी फार ओढाताण व्हायची, कारण ‘पेशींना खायला घालायचं होतं’ हे कुणाला पटत नसे.

दोन आठवड्यांनी प्लेट रंगवली की उत्तर डोळ्यांनी दिसतं. एका बाजूच्या खड्ड्यांत वाइनसारख्या लालसर रंगाच्या प्रचंड पेशी, एकेकीत अनेक केंद्रकं, कारण कित्येक मोनोसाइट एकत्र होऊन एक ऑस्टिओक्लास्ट बनतो. हाडाच्या कापावर वाढवल्या तर तिथे त्या खळगे पाडतात. दुसऱ्या बाजूच्या, इंटरल्युकिन-३ दिलेल्या खड्ड्यांत त्या नसतात. छोट्या, वेगळ्याच रूपाच्या पेशी असतात. इतका स्वच्छ फरक जीवशास्त्रात फार वेळा बघायला मिळत नाही.

फरक स्वच्छ असला तरी तो प्रथिनानेच झाला हे सिद्ध करावं लागतं. ई. कोलायच्या भिंतीत एंडोटॉक्सिन असतं. शुद्धीकरणात त्याचा अगदी किंचित अंश राहिला तरी मोनोसाइट खवळतात, कारण जिवाणूची चाहूल घेणं हेच त्यांचं काम. मग आपण ज्याला इंटरल्युकिनचा परिणाम म्हणतो आहोत तो घाणीचा परिणाम निघायचा. नाल-खेकड्याच्या रक्तापासून बनवलेल्या चाचणीने एंडोटॉक्सिन मोजतात, आणि त्याचा आकडा प्रत्येक लॉटच्या कागदावर असतो. पण मला सगळ्यात आवडणारी पडताळणी साधी आहे. प्रथिनाचा एक भाग उकळायचा आणि तो पेशींना द्यायचा. उष्णतेने प्रथिन मरतं, एंडोटॉक्सिन मरत नाही. उकळलेलं देऊनही तोच परिणाम दिसला, तर महिन्यांचं काम बाजूला ठेवून नव्याने विचार करायचा. दिसला नाही, तर पुढे जायचं. ही पडताळणी माझ्या वहीत प्रत्येक नव्या लॉटसमोर लिहिलेली आहे, आणि आजही एखादा पेपर वाचताना मी आधी तीच शोधते.

वजन आणि गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला लॅबच्या आधीपासून माहीत होतं, ते वडिलांमुळे. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती, आणि खरेदी केंद्रावर ग्रेडर बोंडातला कापूस चिमटीत धरून, ओढून, धाग्याची लांबी बघून प्रत ठरवायचा. गाडी काट्यावर किती भरली हे सगळ्यांना दिसे, पैसे मात्र त्या चिमटीवर ठरत. वडील घरी येऊन आधी प्रत सांगत, मग क्विंटल. व्हायलीचंही तेच आहे. १० मायक्रोग्रॅम हे वजन झालं. त्यातलं किती जिवंत आहे, कामाचं आहे, हे टीएफ-१ नावाच्या पेशी सांगतात. १९८०च्या दशकात जपानमध्ये एका रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णापासून या पेशींची वंशावळ सुरू झाली. इंटरल्युकिन-३ किंवा जीएम-सीएसएफ हे प्रथिन मिळालं तर त्या वाढतात, नाही मिळालं तर मरतात. किती कमी मात्रेत त्या निम्म्या जोमाने वाढतात, त्यावरून त्या लॉटची ताकद ठरते.

आता माझ्या मावशीबद्दल. तिला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, वैद्य त्याला आमवात म्हणतात. उभं आयुष्य कापूस वेचण्यात गेलेली बाई. सकाळी तिची बोटं उघडत नाहीत. ऊन अंगणात येईपर्यंत ती गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसते, आणि कळण्याची भाकरी थापायचं काम आता सुनेकडे गेलं आहे. जळगावच्या डॉक्टरांनी काढलेल्या एक्सरेत बोटांच्या सांध्यांजवळ हाड कुरतडलेलं दिसतं. ते कुरतडणारे म्हणजे ऑस्टिओक्लास्ट. सांध्यात पेटलेली प्रतिकारशक्ती त्यांना बोलावते आणि ते हाड खातात.

एका सुट्टीत मी तिला फोनवर माझ्या प्लेटचा फोटो दाखवला, लाल मोठ्या पेशी इकडे, आणि तिकडे काही नाही. तिला समजायला वेळ लागला नाही. तिने तिकडच्या, मोकळ्या बाजूवर बोट ठेवलं आणि अहिराणीत विचारलं, “हाई औषध शे का?”

नाही म्हणताना मला जड गेलं, आणि नाही का ते सांगायला मी तिच्याजवळ बराच वेळ बसले. प्लेटमध्ये एकाच जातीच्या पेशी असतात, शरीरात शेकडो जातींच्या असतात, आणि हे प्रथिन त्यांतल्या पुष्कळांना हाक मारतं. ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींनाही. १९९०च्या सुमारास युरोप-अमेरिकेत ज्यांची अस्थिमज्जा नीट काम करत नव्हती अशा रुग्णांना रिकॉम्बिनंट इंटरल्युकिन-३ देऊन पाहिलं होतं. ताप, डोकेदुखी, चेहरा लाल होणं असे त्रास झाले, आणि ते नेहमीचं औषध म्हणून रुजलं नाही. २०१८ साली अमेरिकेत एका दुर्मीळ रक्तकर्करोगावर मंजूर झालेल्या औषधात ते आहे, पण तिथे त्याच्या पाठीला घटसर्पाचं विष जोडलेलं आहे. इंटरल्युकिन-३ ओळखणाऱ्या कर्करोगाच्या पेशींपर्यंत ते विष पोचवायचं, एवढंच त्याचं तिथलं काम. शिवाय आमची व्हायल औषधाच्या नियमांनी बनवलेली नसते. लॅबमध्ये चालेल इतकी स्वच्छता रक्तवाहिनीत चालत नाही. मावशीने सगळं ऐकून घेतलं. तिच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदाच घेते ना, हे मी त्या निमित्ताने पुन्हा तपासलं. हे औषध रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून सुनेने कॅलेंडरवर फक्त रविवारांना खुणा केल्या आहेत.

संशोधनाची प्रथिनं पाचोऱ्याच्या माणसाला शिवतच नाहीत असं मात्र नाही. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये, कोविडच्या लाटेत, आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्ट यायचे, आणि ज्यांनी कधी इम्युनॉलॉजीचं नाव ऐकलं नव्हतं ते मला विचारायचे, आयएल-सिक्स एवढा आलाय, म्हणजे काय? आयएल-सिक्स म्हणजे इंटरल्युकिन-६. त्याचं जनुक ओसाकात तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने १९८६ साली शोधलं. त्याचा मार्ग अडवणारं टोसिलिझुमॅब हे औषध जपानमध्ये आधी कॅसलमन या दुर्मीळ आजारासाठी आणि मग आमवातासाठी वापरात आलं, आणि कोविडच्या त्या दिवसांत त्याच इंजेक्शनसाठी महाराष्ट्रभर लोक रात्रंदिवस फोन करत होते. मी त्या रिपोर्टमधल्या आकड्याकडे बघायची तेव्हा मला वेगळंच दिसायचं. रुग्णाच्या रक्तात इंटरल्युकिन-६ किती, हे मशिनला सांगता येतं, कारण माहीत असलेल्या मात्रेचं रिकॉम्बिनंट इंटरल्युकिन-६ आधी त्याला मोजायला दिलेलं असतं. त्या मोजमापाची शेवटची कसोटी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाण नमुन्याशी लागते. कुणीतरी कुठेतरी व्हायली भरल्या, वाळवल्या, ताकद तपासली, म्हणून जळगावच्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या आकड्याला अर्थ आला. त्या कामाची बातमी कधी होत नाही, पण मला त्याबद्दल मनापासून आदर आहे.

मावशीला मी नाही म्हटलं तेव्हा ती आणखी एक गोष्ट म्हणाली होती. “मग माझं रक्त घेऊन बघ ना.”

याचं उत्तर देताना मी अडखळले, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात हाच विषय आहे. वाळवलेलं प्रथिन परदेशातून विमानाने, कुरियरने, उन्हाळ्यात उंबरठ्यावर येऊन पडलं तरी बहुधा टिकतं. रक्तातल्या पेशींचं तसं नाही. रक्त काढल्यावर काही तासांत त्या वेगळ्या कराव्या लागतात. उशीर झाला की मोनोसाइट आपले गुणधर्म बदलू लागतात, आणि मग आपण जे मोजतो ते आजाराचं की प्रवासाचं, हे सांगता येत नाही. पाचोऱ्याहून पुण्याला रेल्वेने जायला रात्र जाते. म्हणून आमचे दाते कोण? सोबतचे विद्यार्थी, शेजारच्या इमारतीतले कर्मचारी, फार तर पुण्याच्या दवाखान्यातले रुग्ण. लॅबपासून तासाभराच्या आत राहणारी माणसं. जगभर असंच आहे. माणसाच्या पेशींबद्दल म्हणून जे लिहिलं जातं, ते बहुतेक शहरातल्या माणसांच्या पेशींबद्दल असतं.

मावशीला वाईट वाटेल म्हणून मी हे म्हणत नाही, यामागे शास्त्रीय कारण आहे. इंटरल्युकिन-३चं शरीरातलं एक मोठं काम जंतांशी जोडलेलं आहे. १९९८ साली नेचरमध्ये आलेल्या अभ्यासात, ज्या उंदरांत हे प्रथिनच नव्हतं त्यांना आतड्यातले जंत बाहेर काढणं नीट जमत नव्हतं. आता पावसाळ्यात ओल्या रानात अनवाणी निंदणी केलेल्या बाईच्या शरीराने आयुष्यात अंकुशकृमी किती वेळा पाहिले असतील? तिच्या मोनोसाइटांना इंटरल्युकिन-३ आधीपासून जास्त ओळखीचं असेल का, की त्यांनी त्याच्याकडे लक्ष देणं सोडलं असेल? पुण्याच्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्याचं रक्त याचं उत्तर देऊ शकत नाही. हा खानदेशातच विचारायचा प्रश्न आहे.

वाट कशी निघेल हे मला मावसभावाच्या गोठ्यात सुचलं. गाय माजावर आली म्हणून कृत्रिम रेतन करणारा आला होता. त्याने मोटरसायकलवरून कंटेनर उतरवला, झाकण काढलं, पांढरी वाफ बाहेर आली आणि चिमट्याने त्याने वीर्याची कांडी उचलली. त्या कंटेनरमध्ये द्रव नायट्रोजन होता, उणे १९६ अंश. आमच्या लॅबच्या तळघरातल्या टाक्यांत पेशी ज्यात ठेवतो तोच. महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाच्या यंत्रणेतून तो वर्षानुवर्षं तालुक्यातालुक्यांत पोचतो आहे. मी त्या कंटेनरकडे बघत उभी राहिले आणि मावसभाऊ विचारत राहिला, तू गायीकडे बघायला आलीस का त्या डब्याकडे?

पेशी ताज्या पोचत नसल्या तरी गोठवून पोचतात. इथेच वेगळ्या केल्या, डीएमएसओ घातलेल्या द्रवात हळूहळू, मिनिटाला एक अंश या वेगाने थंड केल्या आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या, तर त्या महिन्यांनंतरही जाग्या होतात. गोठवलेल्या मोनोसाइटांत थोडा फरक पडतो, म्हणून तुलनेसाठी पुण्यातले नमुनेही तसेच गोठवून घ्यावे लागतील, आणि ते करता येण्यासारखं आहे. जळगावला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्यालाही आहे, विद्यापीठात जीवशास्त्राचे विभाग आहेत. नीतिमत्ता समितीची परवानगी लागेल, आणि ती लागायलाच हवी. मावशीची भाची प्रयोग करते म्हणून मावशीच्या दंडात सुई घालायची, असं चालत नाही. संमतिपत्र तिला कळेल अशा भाषेत वाचून दाखवायचं, नाही म्हटलं तरी तिच्या उपचारांत काही फरक पडणार नाही हे स्पष्ट सांगायचं, आणि मग सही. मावशी म्हणाली, सही बोटांनी येत नाही, अंगठा चालेल का? चालतो, सोबत साक्षीदार लागतो.

आराखडा मी लिहायला घेतला आहे. द्रव नायट्रोजन आहे, रस्ता आहे, रक्त द्यायला तयार असलेली माणसं आहेत, आणि वाळवलेलं प्रथिन तर कुठेही मागवता येतं. लागतो तो एक सेंट्रिफ्यूज, पेशी निर्जंतुक हाताळायला एक हूड, मंद थंड करायला उणे ८०चा फ्रीजर आणि हे सगळं रोज सांभाळणारं, प्रशिक्षित, पगारी माणूस. यातलं शेवटचं मिळवणं सगळ्यात अवघड आहे, आणि त्यासाठीच सध्या मी ज्यांना भेटता येईल त्यांना भेटते आहे.